पडवीत बसून पीसीबी कापायचा तर

माझ्याकडे येणारं काम बहुतेक पाण्याचं. विहिरीवरच्या पंपाचे स्टार्टर, टाकी भरली की मोटर बंद करणारे कंट्रोलर. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या पडवीत माझं टेबल आहे. स्टार्टरच्या जुन्या डब्यांत आतली जागा प्रत्येक वेळी वेगळी, त्यामुळे तयार पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांनी पार्ट जोडणारा सर्किटचा बोर्ड, क्वचितच बसतो. मग कॉपर क्लॅडची, म्हणजे तांब्याचा थर चढवलेली, शीट घ्यायची आणि हवा तेवढा तुकडा कापायचा. एचिंग (नको असलेलं तांबं रसायनाने काढणं) आणि सोल्डरिंगबद्दल सगळे शिकवतात, कापण्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. खरं तर बोर्ड खराब होतो तो बऱ्याचदा इथेच.

शीटची तांबं नसलेली बाजू किंवा कड आधी उजेडात बघा. तपकिरी आणि अपारदर्शक असेल तर ती कागद आणि फिनॉलिक राळेची. किंचित हिरवट-पिवळी असेल आणि थोडी अर्धपारदर्शक दिसत असेल तर ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. दोन्ही साधारण १.६ मिलिमीटर जाड मिळतात, पण कापताना दोघींचा स्वभाव वेगळा. फिनॉलिक कापायला मऊ पण ठिसूळ, वाकवताना कडेचे टवके उडतात. ती दमटपणाही ओढते, म्हणून आमच्या पावसाळ्यात मी तिचा वापर बंदच केला. एफआर-४ मध्ये काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड असतं. ती चिवट, टिकाऊ, आणि पोलादाची धार बघता बघता खाणारी.

सरळ कापासाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो तुटलेल्या एक्सॉ (हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या) ब्लेडच्या आकड्यावर. तो विकत मिळत नाही, करावा लागतो. ब्लेड फडक्यात गुंडाळून शिकंजात (व्हाइसमध्ये) धरा आणि मोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. मग मोडलेलं टोक ग्राइंडरवर पोपटाच्या चोचीसारखं घासा. चोच साधारण एक मिलिमीटर रुंद, पुढची कड चौकोनी, मागची बाजू थोडी उतरती. हा उतार महत्त्वाचा. तो नसेल तर आकडा खरवडत नाही, नुसता घासत राहतो. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं तर तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, असं समजा, तेवढा भाग घासून टाका आणि पुन्हा सुरुवात करा. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की हात सोलत नाही.

आता आखणी. माझे बाबा सुतार होते. त्यांचा गुण्या अजून माझ्या टेबलावर आहे, आणि त्यांची एक शिस्तही: रेघ मारली की टाकाऊ बाजू कुठली ते आधी फुली मारून ठेवायचं. हत्यार नेहमी फुलीच्या बाजूला. आकडा असो की करवत, साधारण एक मिलिमीटर माल खातोच. तो तुमच्या मापातून गेला तर बोर्ड डब्यात सैल बसतो. रेघ दोन्ही पृष्ठांवर एकाच जागी यायला हवी, म्हणून रेघेच्या दोन्ही टोकांना, अगदी कडेजवळ, १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडते. मागच्या बाजूला तीच भोकं जोडायची.

स्टीलची पट्टी दोन सी-क्लॅम्पनी पक्की आवळा. हाताने धरलेली पट्टी तिसऱ्या ओढीला सरकते आणि तांब्यावर आडवा ओरखडा पडतो. पहिल्या दोन-तीन ओढी अगदी हलक्या, फक्त वाट पाडण्यापुरत्या. तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा, तो लगेच निघतो आणि खालचा फिकट रंग दिसतो. मग जोर वाढवत पंधरा-वीस ओढी. नख अडकेल एवढी खाच झाली पाहिजे, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. बोर्ड उलटा करून तेवढीच खाच मागून. मधे साधारण एक तृतीयांश जाडी उरते. कारखान्यात बोर्डांच्या शीटवर व्ही आकाराची खाच पाडतात, तिथेही मधे साधारण एवढंच शिल्लक ठेवतात.

मोडताना खाच टेबलाच्या कडेशी जुळवा, वरून लाकडी पट्टी दाबा, आणि बाहेरचा भाग पूर्ण लांबीच्या दोन पट्ट्यांत धरून एका दमात खाली दाबा. नुसत्या बोटांनी एका कोपऱ्याला धरलंत तर तडा वाट सोडतो. पंधरा मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टी अशी मोडायला जाऊ नका, धरायलाच जागा नसते. एल आकारही या रीतीने निघत नाही, कारण खाच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावी लागते. भोकांच्या झिरो बोर्डाचं मात्र सोपं: २.५४ मिलिमीटरवर भोकांची ओळ तयारच असते, त्या ओळीवरून खाच ओढायची, एक ओळ वाया जाते एवढंच.

अरुंद पट्टी आणि एल आकार करवतीने. ब्लेड इंचाला ३२ दात्यांचं घ्या. १.६ मिलिमीटर जाडीत त्याचे दोन दाते बसतात, २४ चं घेतलं तर दीडच, मग दाता अडकून हिसका बसतो. ब्लेड आडवं, बोर्डाला जवळजवळ टेकवून चालवलं की एका वेळी जास्त दाते कामाला येतात. तांबं वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे कापणारी ओढ तांब्याला बोर्डावर दाबते, उचलत नाही. बोर्ड दोन प्लायच्या तुकड्यांत धरून शिकंजात आवळला की थरथरत नाही.

पत्रा कापायची कात्री १.६ च्या एफआर-४ ला लावू नका. कापाच्या बाजूने पांढुरका पट्टा दिसतो, तो आत सुटलेल्या थरांचा असतो, आणि आमच्या खाऱ्या हवेत ओल तिथूनच आत शिरते. ०.८ मिलिमीटरच्या पातळ बोर्डाला कात्री चालते, पण कानशीसाठी दोन-तीन मिलिमीटर जास्त सोडा.

हातातल्या रोटरी टूलला डायमंड चकती लावून काम झटपट होतं, हे खरं. मी पहिल्यांदा तसंच केलं, मे महिन्यात, याच पडवीत. खाली अंगणात आईने कोकमाची सोलं वाळत घातली होती. वारा समुद्राकडून होता आणि काचेची सगळी बारीक धूळ सोलांवर जाऊन बसली. आई म्हणाली, "हयसर बसान काच उडवू नको." दोन सुपं भरून सोलं टाकून द्यावी लागली, आणि माझे हात दोन दिवस खाजत होते. त्या सोलांचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून धुळीचे नियम ठरले. चकती वापरायचीच तर खाण्याच्या कुठल्याही वस्तूपासून लांब, एन-९५ मास्क आणि चष्मा लावून. आकडा किंवा करवत चालवताना कोरडं कापायचं नाही: फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, रेघ ओली ठेवायची. पण विजेवरच्या टूलजवळ पाणी नको, म्हणून ओलं काम आकड्याने किंवा करवतीनेच. टेबलावर ओलं वर्तमानपत्र पसरा, काम झालं की ते घडी घालून बांधून टाका. फुंकर मारू नका, झाडूही नको, ओल्या फडक्याने पुसा. हात खाजले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढली की धागे निघतात, मग थंड पाण्याने धुवा. ते कपडे वेगळे भिजवा. शिवाय आकडा चालवायला वीज लागत नाही, आणि जुलैत आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.

कडा घासताना कानस तांब्याकडून खालच्या दिशेने चालवा, उलट नाही, नाहीतर तांब्याचा पातळ पापुद्रा उचलला जातो. शेवटी फरशीच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून बोर्डाची कड त्यावर फिरवा. हत्यारं गंजू नयेत म्हणून तेलाचा हात फिरवत असाल तर कापण्याआधी पुसून घ्या. तांब्यावर तेलाचं बोट लागलं की एचिंगला डाग राहतात.

पार्ट लावलेला बोर्ड कधीही मोडून वेगळा करू नका. वाकताना छोट्या सिरॅमिक कपॅसिटरना आतून तडा जातो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी तो शॉर्ट होऊ शकतो. असा बोर्ड करवतीनेच, सावकाश.

आमच्या पंपांचा बोर्ड २३० व्होल्टवर चालतो, म्हणून मेन्सच्या (थेट लाइनच्या विजेच्या) ट्रॅकपासून, म्हणजे तांब्याच्या रेघेपासून, कडेपर्यंत मी ५ मिलिमीटर मोकळे ठेवते. कापल्यावर मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन जागा जोडलेल्या आहेत का ते दाखवणाऱ्या खुणेवर) लावून कडेने फिरवते, कारण तांब्याचा केसाएवढा तंतू दोन ट्रॅक जोडू शकतो. मग कापलेल्या कडेला, काच उघडी पडलेली असते तिथे, पारदर्शक इपॉक्सीचा पातळ हात. तो रात्रभर सुकू द्या, आणि मगच बोर्ड डब्यात बसवा.