आयपीओ आणायचाय? आधी जुनी दप्तरं उघडा

आयपीओ म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकणं. सुरुवातीला एकच ठरवा: शेअर विकणार कोण? नवे शेअर काढले तर पैसा कंपनीत येतो. जुन्या भागधारकांनी आपले विकले तर तो त्यांच्या खिशात जातो, कंपनीला छदामही मिळत नाही. बऱ्याच आयपीओंत दोन्ही असतं.

समजा 8 कोटी शेअर आहेत आणि 2 कोटी नवे काढायचेत. भाव 100 ठरला तर 200 कोटी उभे राहतात आणि जुन्या भागधारकांचा वाटा 80 टक्क्यांवर येतो. भाव 80 वर घसरला तर तेवढ्याच रकमेसाठी अडीच कोटी शेअर काढावे लागतात, वाटा 76 टक्क्यांच्या आसपास उरतो. संचालक मंडळापुढे हे गणित तीन भावांनी मांडून ठेवा. शेवटच्या आठवड्यात भांडायला वेळ नसतो.

सगळ्यात जास्त वेळ कागद खातात. मर्चंट बँकर (आयपीओचं काम हाताळणारी वित्तसंस्था) आणि वकील स्थापनेपासूनचा प्रत्येक शेअर तपासतात: ठराव कुठे, पैसे कधी जमा झाले, वाटपाची नोंद कुठे. कर्मचाऱ्यांना नुसत्या ईमेलवर कबूल केलेले शेअर इथेच वर येतात. प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहारही. कर्जाचे करार ओळ न् ओळ वाचा; मालकीत बदल करण्यापूर्वी कर्जदात्याची लेखी संमती लागेल असं कलम अनेकदा असतं, आणि ती संमती माहितीपत्रकाचा मसुदा दाखल करण्याआधी हातात हवी.

वेळापत्रक ताळेबंदाच्या तारखेवरून आखा. आंतरराष्ट्रीय विक्रीत ताळेबंद 135 दिवसांचा झाला की ऑडिटर, त्यानंतर आकड्यांत मोठा बदल झालेला नाही, अशी नेहमीची ग्वाही देत नाहीत. एक परवानगी लांबली की नव्या तिमाहीचे हिशेब तपासून पुन्हा माहितीपत्रकात घालावे लागतात.

बँकेचं प्रकरण वेगळं. तिच्या धंद्याला भांडवलच मर्यादा घालतं. बाझल 3 या बँकांच्या आंतरराष्ट्रीय भांडवल-नियमांनुसार जोखीमभारित मत्तेच्या (कर्जं वगैरे, प्रत्येकाच्या जोखमीनुसार कमीजास्त मोजलेली) किमान 4.5 टक्के समभाग भांडवल लागतं, त्यावर आणखी 2.5 टक्के राखीव. बँकेनं स्वतःसाठी 10 टक्के धरले तर 100 कोटींच्या नव्या भांडवलावर 1,000 कोटींची जोखीमभारित मत्ता पेलते. मोठा हिस्सा घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी नियामकाची मंजुरी लागते, म्हणून त्या मंजुरीची प्रक्रिया आधी सुरू करा. आणि कर्जखाती बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. गुंतवणूकदार बँकेचा भाव पुस्तकी मूल्याच्या (मत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) पटीत जोखतात. तरतूद न केलेली बुडीत कर्जं लिस्टिंगनंतर उघडी पडली की ते मूल्यच आटतं.

आता भाव. बुक बिल्डिंगमध्ये, म्हणजे गुंतवणूकदारांच्या बोल्या गोळा करून भाव ठरवताना, बोल्या वरून खाली मोजतात. विकायचे 50 लाख शेअर. 100 ला मागणी 10 लाखांची, 98 ला आणखी 15, 96 ला आणखी 25. बेरीज 96 वर पुरी होते, आणि वरची बोली लावणाऱ्यालाही शेअर 96 लाच मिळतो. पण काठोकाठ भाव लावू नये, हे आमचं मत. उरलेली मागणीच पहिल्या दिवशी शेअर सावरते. मात्र कित्येक पट मागणी आल्याच्या बातमीवर फार विसंबू नका. वाटपात कपात होणार हे ठाऊक असलेले लोक मुद्दाम फुगवून मागतात.

घसरणीला आवर म्हणून ग्रीनशू असतो. 1963 साली ग्रीन शू मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या विक्रीत तो पहिल्यांदा वापरला गेला, नाव तिथलंच. मर्चंट बँकर मोठ्या भागधारकाकडून शेअर उसने घेऊन 100 ऐवजी 115 वाटतो. भाव विक्रीभावाखाली गेला तर वरचे 15 बाजारातून विकत घेऊन परत करतो, त्यानं खरेदीचा आधार मिळतो. भाव चढला तर बाजारात महाग घेण्याऐवजी कंपनीकडून विक्रीभावानेच घेतो. मुदत साधारण 30 दिवस.

प्रवर्तक, जुने भागधारक अशा आतल्या लोकांवर लिस्टिंगनंतर विक्रीबंदी असते, अनेक ठिकाणी 180 दिवसांची. ती सगळ्यांची एकाच दिवशी संपली तर बाजारात शेअरचा लोंढा येतो, म्हणून टप्पे पाडा आणि पहिला टप्पा तिमाही निकालानंतर ठेवा.