कथालेखकांनो, व्हिडिओ-निबंध करताना या चुका टाळा

मराठीत कथा-कादंबरीकडून निबंधाकडे जाणारी वाट जुनी आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर, दोघेही कादंबरीकार, आणि मराठीत लघुनिबंध रुजवणाऱ्यांतही दोघांची नावं आधी घेतली जातात. आता तीच वाट यूट्यूबकडे वळली आहे. कथा लिहिणारे कितीतरी मित्रमैत्रिणी व्हिडिओ-निबंध, म्हणजे निवेदन आणि दृश्यं जोडून एखादा विचार मांडणारे व्हिडिओ, करू लागलेत आणि त्यांचे कच्चे कट माझ्याकडे येतात. कॅमेरा, माइक, एडिटिंग हे शिकून येतं. सवय मात्र लवकर सुटत नाही. कथेत लेखक पात्रांच्या आड उभा असतो. निबंधात त्याला पुढे येऊन ‘मला असं वाटतं, आणि या कारणाने वाटतं’ म्हणावं लागतं. बहुतेक चुकांचं मूळ मला इथे दिसतं.

सोयीसाठी एकच विषय धरू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. समजा, गिरणगावावर कथा लिहिलेल्या कुणाला आता या संपावर व्हिडिओ करायचा आहे.

मुद्दा झाकून ठेवणं

लक्षण असं की पहिल्या अर्ध्या मिनिटातच निम्मेअधिक प्रेक्षक निघून जातात. व्हिडिओ सुरू होतो तो पहाटेच्या धूसर उजेडाने, चाळीच्या जिन्यावरच्या पावलांनी, न वाजलेल्या भोंग्याने. कथेची ही सुरुवात उत्तम आहे, कारण वाचकाने पुस्तक हातात घेतानाच थोडा धीर देऊ केलेला असतो. फोनवरच्या प्रेक्षकाला आपण हे का पाहतोय, ते आधी कळावं लागतं.

म्हणून प्रश्न पहिल्या वीस सेकंदांत ठेवा. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मग तो संपला कधी? एवढं म्हटलं की पहाट, जिना, भोंगा यांना अर्थ येतो. उत्तर लगेच द्यायची गरज नाही. उत्कंठा लांबवणं तुम्हाला येतंच, फक्त ती कशाबद्दल आहे ते सांगून लांबवा.

व्हिडिओ टाकल्यावर यूट्यूब स्टुडिओतला (चॅनल सांभाळायच्या पानावरचा) रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या क्षणी किती प्रेक्षक टिकून आहेत याचा आलेख बघा. सुरुवातीलाच कडा तुटल्यासारखी घसरण असेल तर शीर्षकाने दिलेलं वचन आणि पहिली वाक्यं जुळत नाहीत. मध्येच एका जागी घसरण असेल तर त्या मिनिटाची संहिता काढून वाचा, बहुधा तिथे आवडतं पण विषयाबाहेरचं आख्यान सापडेल. आलेख कुठे वर उचललेला दिसला तर लोक मागे जाऊन पुन्हा पाहताहेत. काही वेळा तो भाग आवडलेला असतो, काही वेळा पडद्यावरचा मजकूर वाचायला वेळ पुरलेला नसतो. शेवटाकडे हळूहळू उतरणारी रेघ सगळ्यांचीच असते, तिची काळजी करू नका.

दिसतंय तेच बोलणं

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, पण जुनी चिमणी अजून उभी आहे. पडद्यावर ती चिमणी असताना ‘काचेच्या इमारतींमध्ये एकाकी उभी असलेली विटांची चिमणी’ असं निवेदन आलं की दोघंही वाया जातात. चित्राला बोलू द्या. निवेदनात चित्राला सांगता येत नाही ते सांगा: गिरणीची जमीन विकायची परवानगी कुणाला, कोणत्या नियमाने मिळाली.

त्यासाठी संहिता दोन रकान्यांत लिहा, डावीकडे निवेदन आणि उजवीकडे दृश्य. दोन्हीकडे तेच असेल तर डावीकडचं कापा. उजवा रकाना परिच्छेदभर रिकामा राहिला तर तो मजकूर अजून छापील पानाचाच आहे. कापताना जीव तुटतो, कारण कापली जाणारी वाक्यं बहुधा तुमची सर्वांत सुंदर वाक्यं असतात. ती कथेसाठी जपून ठेवा.

वाक्यरचनेकडेही बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचणारा डोळा मागे जाऊ शकतो, ऐकणाऱ्या कानाला ते जमत नाही. ‘ज्या कामगारांनी... त्यांच्या ज्या मुलांनी...’ अशा वाक्यात क्रियापद येईपर्यंत ऐकणारा कर्ता विसरतो. अशा वाक्याची तीन वाक्यं करा. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात; यापेक्षा बरेच जास्त भरत असतील तर तुम्ही धावताय.

रिकामी जागा कल्पनेने भरणं

ही सर्वांत गंभीर चूक आहे आणि ती आपल्याच लोकांकडून होते. माहितीत फट दिसली की कथालेखकाचा हात आपोआप चालतो. ‘सामंत क्षणभर थांबले, समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाले...’ हे तुम्ही कुठे वाचलंत? ऐकलंत? नसेल तर ते वाक्य राहता कामा नये. कादंबरीचा वाचक ‘ही कादंबरी आहे’ हे धरून चालतो. व्हिडिओ-निबंधाचा प्रेक्षक तुमच्या आवाजावर विश्वास टाकून बसलेला असतो, आणि ज्यांच्या घरात तो संप घडला ती माणसंही बघत असतात.

संहितेला तिसरा रकाना जोडा: हे मला कशावरून माहीत? तो रिकामा राहिला तर वाक्य काढा, किंवा कल्पना आहे हे उघड सांगा. ‘अशी एक सकाळ मी कल्पते आहे’ म्हणायला काहीच हरकत नाही. त्या वेळी चित्रही बदला, खऱ्या छायाचित्रांवर कल्पित प्रसंग चालवू नका. एआयने बनवलेली १९८२ ची गर्दी तर पुरावा म्हणून दाखवूच नका. खरी वाटतील अशी कृत्रिम दृश्यं वापरली तर ते जाहीर करावं, असा यूट्यूबचाही नियम आहे.

सभागृहाचा आवाज

मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने आपल्याकडे सभागृहं भरली. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा होता. माइक तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आहे. समोर एकच माणूस बसलाय असं समजून बोला.

आवाज डब्यातून आल्यासारखा घुमत असेल तर खोली रिकामी आहे: कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा, समोर जाड गोधडी टांगा. पंखा बंद करा. गप्प राहून अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करा, जोडकाम करताना ती लागते. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा.

सापडलं म्हणून वापरलं

१९८२ सालच्या वृत्तपत्रात पहिल्यांदा छापलेलं छायाचित्र आपल्या कायद्याप्रमाणे अजून हक्काधीन आहे. लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण दुसऱ्याचं चित्र-संगीत आपोआप शोधणारं यूट्यूबचं कंटेंट आयडी हे यंत्र असल्याने त्याला समीक्षा ओळखता येत नाही. त्याचा दावा आला तर घाबरू नका, सहसा उत्पन्न हक्कदाराकडे जातं किंवा व्हिडिओ अडतो, आणि आक्षेप घेता येतो. स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्यावर चॅनलला मिळणारी ताकीद, वेगळा: ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. पार्श्वभूमीला फिल्मी गाणं लावायचा मोह आवरा आणि जमेल तेवढं स्वतः चित्रित करा.

जोडाक्षरं तुटणं

पडद्यावरचा मजकूर टाकताना ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ लिहून पाहा. र तुटला तर सॉफ्टवेअरची अक्षरव्यवस्था बदला; प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साऊथ एशियन पर्याय निवडावा लागतो. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता मोफत मिळतो. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी वापरा.

चूक राहून गेली तर

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये चुकीचा तुकडा कापता येतो, तेवढ्याने अर्थ टिकत असेल तर कापा. नाहीतर वर्णनात पहिल्याच ओळीत, मिनिट-सेकंद देऊन दुरुस्ती लिहा आणि तीच कॉमेंट म्हणून पिन करा. चूक मूळ मुद्द्यालाच धक्का देत असेल, म्हणजे संप कधी संपला या तुमच्या उत्तराचा आधारच खोटा निघाला असेल, तर व्हिडिओ खाजगी करा आणि पुन्हा करा, व्ह्यूज कितीही झाले असले तरी.