गाडीची किल्ली खुंटीला: नागपुरात पायी फिरायची सुरुवात

आपल्या नागपुरात चौकातून कोथिंबीर आणायलाही गाडी निघते. त्याहून गंमत म्हणजे, सकाळी 'फिरायला' म्हणून माणूस गाडीवर फुटाळा तलावावर जातो, दोन चकरा मारतो आणि गाडीवरच परततो. पोरानं गाडी नेली की त्या दिवशी फिरणं बंद. म्हणून सुरुवात स्वतःच्या फाटकापासून करा.

पहिला आठवडा, फक्त कामं. एक किलोमीटरच्या आतलं काम असेल तर पायीच जायचं. दूध, किराणा, इस्त्रीचे कपडे. जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं सहज होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि तो तुकड्यातुकड्यांत केला तरी चालतो. १०,००० पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला.

मग वेग वाढवा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली वेगळी, ती रमतगमतच. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती फार चढत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा.

वेळ ऋतू ठरवतो, आपण नाही. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. तेव्हा साडेपाचला निघून सातच्या आत घरी या, नाहीतर सरळ रात्री जेवल्यावर निघा. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी. ऊन लागलं तर पन्ह्याच्या भरवशावर राहू नका. डोकं गरगरणं, मळमळ यांवर सावली, पाणी आणि विश्रांती. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर अंगावर गार पाणी ओतत थेट दवाखाना. डिसेंबरात उलट, उजाडेपर्यंत पांघरूण सोडवत नाही. मग ऊन्ह अंगावर घेत आठला निघा, काही बिघडत नाही.

आता मजेचे रस्ते. झिरो माइलच्या खांबाजवळच्या चार दगडी घोड्यांपासून विधानभवनावरून सिव्हिल लाइन्समध्ये शिरा. जुन्या झाडांची इतकी सावली शहरात दुसरीकडे विरळाच. (हिवाळी अधिवेशनात मात्र तिकडे फिरकू नका, बंदोबस्तात चालणं होत नाही.) चढ हवा असेल तर सेमिनरी हिल्स, गुडघे कुरकुरत असतील तर उतारावर सावकाश.

माझा आवडता रस्ता गांधीसागरचा. तलावाला वळसा घालून गांधी गेटमधून महाल भागात शिरायचं आणि बडकस चौकावरून इतवारीकडे. इथे सावली कमी, धक्के जास्त. पण गाडीवर असताना ज्या रस्त्यावर नुसता हॉर्नच ऐकू येतो, तिथे पायी गेलं की जुन्या वाड्यांचे लाकडी खांब दिसतात, मसाला कुटल्याचा वास येतो, दुकानदार 'काय बाप्पा, आज पायी?' म्हणून हटकतो. रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आत जा.

रस्त्यावरची सावधगिरी. फूटपाथ असला तरी त्यावर ठेले आणि उभ्या गाड्या असतात. खाली उतरावंच लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूनं चाला. कानात इअरफोन नको. कुत्री मागे लागली तर पळू नका, हळूच बाजूला व्हा. बूट घट्ट नकोत. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच मापाला घ्या.

ऑफिसला जाणाऱ्यांनी मेट्रोतून एक स्टेशन आधी उतरावं. तेवढी वीस मिनिटं हिशेबात धरा.

राहिले तर्री पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा घातलेले. अर्ध्या तासाच्या चालण्यानं जेवढं जळतं, त्याहून जास्त एका प्लेटीत आणि वरच्या तर्रीत असतं. तरी खा, पण आठवड्यातून एकदा, आणि ठेल्यापर्यंत चालत जाऊन.