साठी-सत्तरीनंतर एकट्यानं परदेशी कसं जावं: साताऱ्याहून ट्रॉम्सोपर्यंत

साताऱ्यात मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी तोच धडा यायचा. वर्गात पृथ्वीगोल तिरका धरायचा, त्यावर बॅटरीचा झोत टाकायचा आणि सांगायचं, ‘उत्तरेकडच्या या भागात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.’ हे वाक्य मी बत्तीस वेळा बोलले, एकदाही न बघता. निवृत्तीनंतर यजमानांचं आजारपण निघालं, मग ते गेले. वयाच्या ६८व्या वर्षी मी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला एकटी जाऊन तो सूर्य बघून आले. त्या प्रवासात आणि त्याआधीच्या सरावात जे शिकले ते इथे क्रमानं सांगते. पुरुष असोत की बायका, बहुतेक गोष्टी दोघांना सारख्याच लागू आहेत.

सुरुवात: इच्छा एका वाक्यात लिहा

‘युरोप बघायचंय’ एवढ्यावर काही ठरत नाही. त्यातून सात दिवसांत पाच देश आणि बसच्या खिडकीतून फोटो एवढंच हाती येतं. ‘मला मध्यरात्रीचा सूर्य बघायचाय’ म्हटलं की पुढचं आपोआप सुटत जातं. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, जवळपास ७० अंशांवर आहे, तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य क्षितिजाखाली जात नाही. म्हणजे महिना ठरला. कुणाला टोकियोत साकुरा म्हणजे चेरीचा बहर बघायचा असेल तर मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, कुणाला केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात विल्डबीस्ट हरणांचे कळप बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर. महिना ठरला की तिथून नऊ महिने मागे मोजा आणि कामाला लागा. आपल्या वयात घाईत केलेली तयारी अंगाशी येते.

आणि मुलांना हे विचारू नका, सांगा. विचारलं की काळजीपोटी ‘नको’ येतं. तारखा, विमा आणि मुक्कामाचे पत्ते लिहिलेला कागद पुढे ठेवला की बोलणं वेगळ्या वाटेनं जातं. माझ्या मुलानं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘आई, या कागदाची एक प्रत मला दे.’

कागदपत्रं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपल्याकडच्या बायकांची मोठी अडचण नावाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर पतीचं नाव मधे, बँकेत नुसती आद्याक्षरं, पेन्शनच्या कागदावर स्पेलिंग वेगळंच. पासपोर्टच्या अर्जाआधी आधार, पॅन आणि बँक यांवरचं नाव इंग्रजी अक्षरा-अक्षरानं सारखं करून घ्या. यातच महिना-दीड महिना जातो. पासपोर्टमध्ये ‘दिलेलं नाव’ या रकान्यात आपलं आणि मधलं नाव येतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. विमानाचं तिकीट काढताना हेच नाव जसंच्या तसं हवं. माझ्या तिकिटावर एजंटानं मधलं नाव गाळलं होतं. निघायच्या चार दिवस आधी माझ्या लक्षात आलं, दुरुस्ती झाली, पण त्या चार रात्री मला झोप नव्हती. तिकीट हातात आल्याबरोबर पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं तपासा.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन केंद्रात जायचं. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टसाठी त्यात १० टक्के सवलत मिळते. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी निवृत्त सरकारी नोकरांना पेन्शनचा आदेशही चालतो. नंतर पोलीस पडताळणी होते. जुना पासपोर्ट असेल तर त्याची मुदत बघा. बरेच देश निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात.

व्हिसा देशागणिक वेगळा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भूतानलाही व्हिसा नाही, मात्र भारतीयांना माणशी, रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या ऑनलाइन निघतो. नॉर्वे शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत येतो, आणि शेंगेनचं काम जरा चिवट असतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. फी ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा सक्तीचा आहे. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, पेन्शनचा कागद, मुक्कामाची बुकिंग आणि परतीचं तिकीट जोडायचं. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, संशय येतो. दर महिन्याला येणारी पेन्शन हाच आपला भक्कम पुरावा.

सोबत एक पानाचं पत्र लिहा: मी कोण, कुठे जाते, एकटी का जाते, खर्च कुठून करते, परत का येणार. मी साध्या शब्दांत लिहिलं की आयुष्यभर हा धडा शिकवला, तो डोळ्यांनी बघायचा आहे. साताऱ्यात घर आहे, नातवंडं आहेत. बोटांचे ठसे द्यायला मोठ्या शहरातल्या अर्ज केंद्रात जावं लागतं. भांडी-धुणं करून आपली बोटं गुळगुळीत झालेली असतात, म्हणून आधी आठवडाभर रात्री बोटांना खोबरेल चोळा. जाताना मात्र हात स्वच्छ धुऊन जा.

शरीर आणि औषधं

निघण्याआधी तीन महिने डॉक्टरांकडे जा आणि नुसतं ‘जाऊ का?’ न विचारता दिवसाचा कार्यक्रम सांगा. रोज किती चालणार, किती तास विमान, किती थंडी. मी त्या तीन महिन्यांत आठवड्यातून चार दिवस पहाटे गावालगतच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर चढले, शेवटचा महिना पाठीवर तीच पिशवी घेऊन जी प्रवासात नेणार होते. सांगलीसारख्या गावात असा चढ घराजवळ नसेल, तर जिना आहे, कृष्णेचा घाट आहे.

औषधं मूळ पाकिटातच ठेवा, डबीत काढून नका नेऊ. डॉक्टरांच्या सहीची, औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत हवी. आपल्याकडची काही खोकल्याची आणि वेदनाशामक औषधं, त्यांत कोडीन, ट्रामाडॉल अशी नशा आणणारी द्रव्यं असल्यामुळे, काही देशांत चालत नाहीत, तेव्हा त्या देशाचा नियम वाचून घ्या. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, आणि दहा दिवसांची जास्त. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात टाकू नका, ते गोठू शकतं. लांबच्या विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चाला आणि बसल्या जागी घोटे फिरवा, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून जागा मधल्या, ये-जा करायच्या वाटेलगतची मागून घ्यायची.

केनियासारख्या देशांना जायचं असेल तर पीतज्वराची (यलो फीवरची) लस लागते, ती नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढे या लसीचे गंभीर परिणाम होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.

विम्याच्या अर्जात रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया सगळं खरं लिहा. हप्ता वाढतो, वाढू द्या. लपवलेल्या आजारापायी दावा नाकारला गेला तर परदेशातलं रुग्णालय आपल्या घराच्या किमतीचं बिल देऊ शकतं.

पैसे

थोडे रोख, एक फॉरेक्स कार्ड (आधी परकी चलन भरून ठेवायचं कार्ड) आणि एक बँकेचं कार्ड, तिन्ही वेगवेगळ्या जागी. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातले व्यवहार बहुधा बंद असतात, ते अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन आधी सुरू करा. दुकानात यंत्र विचारतं, रुपयांत देणार की स्थानिक चलनात? नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर महाग लावलेला असतो. नॉर्वेत युरो नाही, क्रोन चालतो, आणि जवळजवळ सगळीकडे कार्डच घेतात. ओटीपीसाठी आपलं इथलं सिम चालू राहील असं बघा. सहल कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीनं आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करता येतो, पावती जपून ठेवा. पॅकेजमध्ये एकट्यासाठी खोलीचा जादा आकार लावतात, तो पैसे भरायच्या आधी विचारा.

सराव, आणि बॅग

एकदम सातासमुद्रापार नका जाऊ. मी आधी एसटीनं एकटी छत्रपती संभाजीनगर-वेरूळ केलं (बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्या सर्वांना मोफत), मग आठ दिवस नेपाळ. एकट्यानं जेवायला बसणं, एकट्यानं रस्ता चुकणं आणि एकट्यानं तो परत शोधणं यांची सवय देशातच करून घ्यावी. पहिल्या संध्याकाळी हॉटेलात एकटं ताट पुढे आलं तेव्हा मला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना लोणचं विचारलं. पुढे सोपं होत गेलं.

बॅगेची एकच कसोटी: ती घेऊन एसटीच्या पायऱ्या स्वतः चढता आल्या पाहिजेत. नाही आल्या तर सामान काढा. आणि एक सातारकरांसाठी खास. कंदी पेढे नॉर्वेत किंवा युरोपीय संघात नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्याला तिथे बंदी आहे, आणि पेढा तर खव्याचाच. सुकं खोबरं विमानाच्या सामानकक्षातल्या बॅगेत चालत नाही, ते पेट घेऊ शकतं. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. मी मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी नेली आणि स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली. नॉर्वेत बाहेरचं जेवण फार महाग, पण बाजारातून तांदूळ-भाजी आणून मेतकूट-भात केला की दिवसाचा खर्च निम्म्यावर येतो. पाणी नळाचं पितात, बाटली विकत घ्यायची गरज नाही.

निघताना

मुंबईहून विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या तर विमान थांबत नाही. मी कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, ती सांगली, साताऱ्यावरून मुंबईला जाते. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी मागा. तिचे पैसे लागत नाहीत. चालता येत असलं तरी मागा: मधल्या विमानतळावर दीड तासात दुसरं विमान पकडायचं असतं, आणि तिथल्या लांबलचक वाटा तरुणांनाही दमवतात.

पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या छायाप्रती एक बॅगेत, एक घरी, एक फोनमध्ये. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग आपल्या दूतावासात. ते घरी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतात.

तिथे गेल्यावर

दिवसाला एकच मोठी गोष्ट. पहिला दिवस झोपेसाठी. ट्रॉम्सोत उन्हाळ्यात अंधार पडत नाही, तेव्हा डोळ्यांवर पट्टी लागते आणि रात्रीची गोळी विसरायला होते. मी फोनवर गजर लावले, गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहिले. घरी रोज ठरलेल्या वेळी एक निरोप पाठवायचा. उन्हाळ्यात आपल्यापेक्षा नॉर्वे साडेतीन तास मागे आहे, ते धरून वेळ ठरवा.

तिसऱ्या रात्री मी केबल कारनं स्टोरस्टाइनन डोंगरावर गेले, ४२१ मीटर उंच. घड्याळात बारा वाजले आणि बरेच लोक फोटो काढून खाली गेले. पण खरी मध्यरात्र तिथे पाऊण वाजता होते, कारण उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, आणि मूळ वेळ थोड्या पश्चिमेकडच्या रेखांशाची धरलेली असल्यामुळे त्यातली पंधराएक मिनिटं कमी होतात. मी थांबले. हातातली काठी जमिनीवर उभी धरली. सूर्य उत्तरेला, पाण्यावर जेमतेम तीन अंश, आणि काठीची सावली दगडांवरून दक्षिणेकडे पसरत गेलेली, काठीच्या अठरापट लांब. दुपारी दक्षिणेकडे पडणारी सावली साताऱ्यात मला फक्त जूनच्या आसपास दिसते, तीही वीतभर. तिथे मी रडले. मग अंगावरची शाल घट्ट केली आणि सूर्य पुन्हा वर चढायला लागेपर्यंत बघत राहिले.

चालण्याचा कंटाळा आला तर किनाऱ्यानं जाणारी हुर्टिगरुटेनची बोट आहे. १८९३ पासून चालणाऱ्या या मार्गावर बर्गन ते किर्केनेस ३४ बंदरं लागतात. संपूर्ण फेरी महाग आहे, पण एक-दोन बंदरांपुरतं तिकीटही मिळतं. डेकवर शेकडो तास बसावं असं ते दृश्य असतं, गुडघ्यांना त्रास शून्य.

परत आल्यावर

पेन्शनर असाल तर एक गोष्ट विसरू नका: हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. प्रवास त्या महिन्यात येत असेल तर फोनवरून चेहरा दाखवून डिजिटल जीवन प्रमाणपत्र देता येतं, ते घरीच एकदा करून बघा. खर्चाची वही महिन्याच्या आत पूर्ण करा, पुढच्या बेताला तीच उपयोगी पडते. शेंगेन व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. त्या मुदतीत पुन्हा गेलात तर बहुधा ते नव्यानं द्यावे लागत नाहीत. माझे अजून दोन वर्षं शिल्लक आहेत, आणि साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकापाशी रोज फिरायला येणाऱ्या माझ्या मैत्रिणीला आल्प्समधली फुलं बघायची आहेत. तिच्या आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही. सोमवारी आम्ही दोघी त्याच कामाला जातो आहोत.