साठीनंतर सायकलवरून उतरायचं कसं

आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात सकाळी सायकल काढणारी साठी-सत्तरीची मंडळी बरीच आहेत. त्यांतल्या पडलेल्यांना विचारून बघा. रिक्षाने उडवलं किंवा गाय आडवी आली म्हणणारे थोडेच निघतील. बाकीचे आपल्याच फाटकाशी, दूध केंद्रापुढे, सिग्नलला, सायकल जवळजवळ उभी असताना आडवे झालेले. कसे पडलात म्हटलं तर सांगता येत नाही. "अगं, थांबलोच होतो की मी!"

शाळेत मी खेळाची बाई होते. आता ओळखीतल्या वडीलधाऱ्यांना पोलो ग्राउंडला नेऊन सायकल थांबवायला शिकवते. चालवायला सगळ्यांना येतंच, त्यात मी पडत नाही.

आधी कारण समजून घ्या. सायकल वेगात असताना ज्या अंगाला कलते त्या अंगाला आपण नकळत हँडल जरासं वळवतो आणि चाकं पुन्हा तोलाखाली आणतो. वेग माणसाच्या चालीच्याही खाली गेला की तेवढ्याच तोलासाठी हँडल खूप फिरवावं लागतं. शेवटच्या हातभर अंतरात तर हँडलने काही होत नाही, काम पायाचं असतं. तरुणपणी पाय आपोआप बाहेर पडतो. आपल्या वयात तो क्षणभर उशिरा पडतो, खुबा पूर्वीसारखा उघडत नाही, आणि माणसासकट सायकलीचं ओझं एका गुडघ्यावर येतं. मग हात टेकायला गेलं तर मनगट जातं, कुशीवर आपटलं तर खुबा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सीट. सीटवर बसल्याबसल्या पाय टेकायचा, ही सवय मोडायची.

का, ते मोजून बघा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, ही सीटची गुडघ्यांना मानवणारी उंची. पण खाली आलेलं पायडलसुद्धा जमिनीपासून साधारण दहा-अकरा सेंटिमीटर वर असतं. म्हणजे सीट बरोबर उंचीवर असेल तर बसून पाय जमिनीला लागणारच नाही, लागला तर अंगठा. मग पाय पोचावा म्हणून माणूस सायकल कलती करतो, आणि कलत्या सायकलीचा तोल अंगठ्यावर पेलायला बघतो. पडायची सगळी तयारी आपणच करून ठेवलेली.

यावर लोक सरळ सीट खाली करून घेतात. रावपुऱ्यातल्या आमच्या सायकलवाल्याला तर पांढरे केस दिसले की पाना उचलायची सवयच आहे. "बेन, सीट नीची करी आपुं?" शिकेपर्यंत दोन बोटं खाली करून घ्या, माझी हरकत नाही. पण कायमची फार खाली ठेवलीत तर गुडघे जास्त दुमडून चालवावं लागतं, आणि ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांना चढावर ते लगेच कळतं. सीट योग्य उंचीवर ठेवायची आणि थांबताना तिच्यावरून पुढे उतरायचं, हाच खरा उपाय.

ते असं. थांबायची जागा लांबूनच ठरवा. गिअर असतील तर चालती असतानाच हलका टाका. हँडल सरळ करून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. वळत्या हँडलवर, कमी वेगात पुढचा ब्रेक जोरात आवळला तर सायकल जागीच आडवी होते, म्हणून वळण पुरं झाल्यावर थांबायचं. वेग उतरत आला की उजवं पायडल खाली आणा आणि त्यावर उभे राहा. बूड सीटवरून उचलून पुढे घ्या, सीट आणि हँडल यांच्या मधल्या जागेत. डावा पाय पायडलवरून सुटा, जमिनीलगत लोंबता. सायकल थांबता थांबता जराशी डावीकडे कलू द्या आणि डावं पाऊल थोडं बाहेर, सपाट टेकवा. ब्रेक सोडू नका. "उजवा खाली, बूड पुढे, डावा जमिनीवर" असं मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेते. बायका हसतात, पुरुष लाजतात, पण पाय म्हटल्याप्रमाणे चालतात.

डावाच पाय का? आपल्याकडे सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने चालते, वाहनं आपल्या उजव्या अंगाने जातात. तोल गेलाच तर फुटपाथकडे जावा, बसखाली नको.

मग उतरणं. इथे जुन्या काळच्या पुरुषांशी माझं भांडण आहे. डाव्या पायडलवर उभं राहून, चालत्या सायकलीवरून उजवी टांग कॅरिअरवरून मागे काढायची आणि चार पावलं धावत उतरायचं, ही त्यांची ऐट. विशीत शोभली, आता सोडा. त्यात एकाच पायावर आणि एकाच बाजूला सगळं वजन असतं, आणि मागे पिशवी बांधलेली असली की टांग नेमकी तिच्यात अडकते. आधी पूर्ण थांबायचं, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक मुठीत. मग सायकल आपल्याकडे बरीच कलती करायची म्हणजे पाय कमी उचलावा लागतो, आणि उजवा पाय सावकाश काढायचा. खुबा धरत असेल तर मधला दांडा नसलेली सायकल घ्या. आमचे भाऊजी म्हणाले, "आता लेडीज सायकलवर बसू का मी?" बसा. आता त्याच सायकलीवरून ते खंडेराव मार्केटला जातात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.

मार्केटवरून आठवलं. भाजीची पिशवी हँडलला लटकवू नका. चालताना जाणवत नाही. थांबताना मात्र दोन किलो बटाटे हँडल आपल्याकडे ओढतात आणि पिशवी चाकात हेलकावते. ओझं मागे कॅरिअरला बांधा, नाहीतर पुढे बास्केट बसवून घ्या. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट हवा. रबरी चप्पल ओल्या पायडलवरून निसटते. पायजम्याची उजवी मोहरी क्लिपने आवळा, साडीचा काठ आत खोचा.

थांबायची जागा बघण्याकडे लोकांचं अजिबात लक्ष नसतं. डांबर संपतं तिथे कड बहुतेक खाली उतरलेली असते. डावा पाय नेमका तिकडे टाकलात तर जमीन अपेक्षेपेक्षा वीतभर खाली सापडते आणि शरीर तिच्यामागे जातं. म्हणून एक तर कडेपासून हातभर आत थांबा, किंवा फुटपाथच्या उंच कडेवरच पाऊल टेका, ते सगळ्यात सोपं. वाळू आणि गटाराची जाळी टाळा. पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी ओसरलं की रस्त्यावर जो गाळ राहतो, तो वरून सुकलेला दिसला तरी खाली निसरडा असतो. तेवढे दिवस सायकल हातात धरून चाला. आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आठवड्यात सायकल घरीच ठेवा. मांजा गळ्याशी आला की माणूस दोन्ही हात हँडलवरून काढतो, तिथे थांबण्याचं कुठलंही तंत्र चालत नाही.

सराव मोकळ्या, सपाट जागेत करा. वीस-पंचवीस पावलांवर विटेचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्याशी थांबायचं. निघतानाही बसून ढकलत निघू नका. उजवं पायडल वर, जरा पुढे आणून ठेवा, त्यावर जोर देऊन उभे राहा आणि चाल मिळाल्यावर सीटवर टेका. दहा मिनिटं पुरेत. थकलेल्या पायाने शिकलेलं चुकीचं शिकलं जातं.

रक्तदाबाच्या गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील किंवा बदलल्या असतील, तर उभं राहताना चक्कर येत नाही ना ते आधी बघा. हेल्मेट जवळच्या फेरीलाही घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मनगट सुजलं तर शेक देत बसू नका, एक्स-रे काढा. खुब्यात किंवा जांघेत कळ येऊन पायावर भार देता येत नसेल, तर जमलेले लोक "उठा काका, उठा" करत काखेत हात घालतील, त्यांना थांबवा. पडून राहा आणि १०८ ला फोन करायला सांगा. त्यासाठी मोबाइल खिशात असू द्या. कॅरिअरच्या पिशवीत ठेवलेला तेव्हा हाताला लागत नाही.