सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी: येशूचा होकार, येशूचा नकार आणि आपला आठवडा

मंडळीत नवा, उत्साही तरुण आला की पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या गळ्यात सगळंच पडतं. रविवारची शाळा, तरुण संघ, बुधवारची प्रार्थनासभा, उपासनेनंतर खुर्च्या उचलणं, आणि पाळकसाहेब गावाला गेले की संदेशसुद्धा. तोही कशालाच नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणणाऱ्याचं समर्पण कमी अशी आपल्याकडे समजूत आहे. वर्षभरात तो थकतो, चिडचिडा होतो, आणि दोन वर्षांनी मागच्या बाकावर बसू लागतो. पूर्ण मनाने सेवा करणं आणि सगळी कामं अंगावर घेणं यांची गल्लत झाली की हे होतं.

ही गल्लत सोडवायला शुभवर्तमान एका वेगळ्या पद्धतीने वाचावं लागतं. मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. सोळाच अध्याय आहेत, मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तासांत होतात. हातात पेन्सिल ठेवा आणि समासात तीनच खुणा करा: येशू कुठे थांबला, त्याने कुणाला नकार दिला, आणि तो एकटा कधी गेला. मग याच नजरेने लूक आणि योहान.

नकारांची संख्या पाहून नवख्या वाचकाला धक्का बसतो. कफर्णहूमात शब्बाथ संपल्यावर, सूर्यास्तानंतर, सगळं गाव दारात लोटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकांतात प्रार्थना करत असताना त्याचा शिष्य शिमोन शोधत आला: सगळे तुमची वाट पाहताहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर सभा हाउसफुल्ल झाली होती. येशू म्हणाला, शेजारच्या गावांना जाऊ, मी त्यासाठीच निघालो आहे (मार्क १:३८). वारशाच्या वाटणीचा तंटा सोडवायला त्याने नकार दिला (लूक १२:१४). राजा करायला निघालेल्या लोकांना सोडून तो डोंगरावर गेला (योहान ६:१५). चिन्ह दाखवा म्हणणाऱ्या परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कट्टर धर्मपुढाऱ्यांना, नाही. सणाला जाऊन जगासमोर ये म्हणणाऱ्या भावांना, त्यांनी सांगितलेल्या वेळी तरी, नाही. भुतांपासून सुटलेल्या आणि सोबत यायची विनवणी करणाऱ्या माणसालाही नाही. त्याला त्याने घरी, आपल्या माणसांत पाठवलं (मार्क ५:१९).

आता थांबण्याच्या खुणा बघा. यरीहोबाहेर आंधळा बार्तीमय ओरडतोय, लोक त्याला गप्प करताहेत, आणि येशू उभा राहतो. तेव्हा तो यरुशलेमेला, क्रूसाकडे निघालेला आहे. याईराची मुलगी मरणाच्या दारात असताना वाटेत बारा वर्षं आजारी असलेल्या बाईसाठी तो खोळंबतो. झाडावर चढलेला जक्कय, विहिरीवर भरदुपारी आलेली शोमरोनी स्त्री, शिष्यांनी हटकलेली लेकरं. या खुणा एकाखाली एक लिहिल्या की नियम दिसतो: नकार जातो गर्दीला, घरच्यांच्या आग्रहाला, मानपानाला, सत्तेला. होकार मिळतो समोरच्या एका माणसाला, बहुधा ज्याला इतरांनी गप्प बसवलंय त्याला. आपल्या डायरीत नेमकं उलटं असतं. महोत्सवाला होकार, आणि शेवटच्या गल्लीतल्या विधवेला ‘पुढच्या आठवड्यात येतो’.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. डाव्या बाजूला सध्या करत असलेली सगळी सेवा, समोर आठवड्याचे तास. नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्याला आठवड्याला आठ ते दहा तास झेपतात. त्याहून जास्त झाले तर झोप किंवा घर, दोन्हींपैकी एक कापलं जातंय असं समजा. दोन कामं ठेवा, बाकीची तीन महिन्यांत दुसऱ्याला शिकवून सोडा. एकदम सोडू नका, त्यानं मंडळी दुखावते आणि तुमची बाजू बरोबर असूनही ऐकली जात नाही. पाळकांना आधी भेटा आणि कागद दाखवा. तोंडी तक्रारीपेक्षा तासांचा हिशेब लवकर पटतो.

पूर्णवेळ सेवेचा विचार असेल तर घाई हा सगळ्यात मोठा धोका. शिबिराच्या शेवटच्या रात्री, गाणी चालू असताना केलेला निश्चय खरा असू शकतो, पण सोमवारी सकाळी राजीनामा देण्याइतका तो पिकलेला नसतो. सेवेला आरंभ केला तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता (लूक ३:२३), गावात सुतार म्हणून ओळखला जात होता. योहानात वर्षातून एकदा येणाऱ्या वल्हांडण सणाचा तीनदा उल्लेख येतो, त्यावरून जाहीर सेवा दोन-तीन वर्षांची धरतात. म्हणजे तयारीच्या मानाने काम थोडं. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, हे त्याचंच सांगणं आहे (लूक १४:२८). तेव्हा शिबिरानंतर सहा महिने थांबा. घरखर्च, भाडं, आईवडिलांची औषधं, कर्जाचे हप्ते यांचा महिन्याचा आकडा काढा. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. पतीपत्नीपैकी एकाचा होकार म्हणजे घराचा होकार नव्हे; जोडीदार गप्प असेल तर ती संमती समजू नका.

नारायण वामन टिळकांकडे या बाबतीत पाहण्यासारखं आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांनी कितीतरी वर्षं घालवली, आणि मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ उभा करायला निघाले ते १९१७ साली. तो झटक्यातला निर्णय नव्हता, आधी वीसेक वर्षांची मशागत होती.

शिक्षणाचा मार्ग मंडळीप्रमाणे बदलतो. कॅथलिक धर्मगुरू व्हायचं तर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास चर्चच्या कायद्यानेच सांगितलेला आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सेमिनरीची पदवी, मग पाळकाच्या हाताखाली उमेदवारी, मग पाळकपदाची दीक्षा असा साधारण क्रम. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, आणि पूर्वी यवतमाळला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही आता तिथेच आहे. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: पदवी कोणत्या मंडळाची, वर्ग कोणत्या भाषेत, आणि शिकून आल्यावर तुमची मंडळी ती पदवी दीक्षेसाठी मानते का. तिसरा प्रश्न न विचारल्यामुळे चार वर्षं शिकून परत आलेली मुलं अधांतरी राहतात.

वचनाच्या बाबतीत अरण्यातला प्रसंग नीट पाहा. सैतानाने घातलेल्या तिन्ही मोहांना येशूने दिलेली उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या एकाच पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. तो इकडून-तिकडून वचनं वेचत नव्हता, एक भाग त्याच्या अंगात मुरलेला होता. नवख्याने हेच करावं. वर्षाला पवित्र शास्त्रातली दोन पुस्तकं घ्या, एक जुन्या करारातलं, एक नव्या करारातलं. ती इतकी वाचा की अध्यायांचा क्रम न बघता सांगता येईल. मोबाइलवर रोज येणारं सजवलेलं वचन ही भूक भागवत नाही, मारते.

संदेशाची तयारी शनिवारी रात्री सुरू केली तर ती इंटरनेटवरच संपते. सोमवारी किंवा मंगळवारी उतारा ठरवून मोठ्याने पाच वेळा वाचा, जमल्यास दोन मराठी भाषांतरांत. बुधवारपर्यंत त्यावर स्वतःचे प्रश्न लिहा. गुरुवारी एक वाक्य लिहा: या उताऱ्यात देव काय करतो आहे? हे वाक्य जमत नसेल तर उतारा अजून समजलेला नाही, उदाहरणं शोधायला लागू नका. शुक्रवारी मजकूर, शनिवारी उभं राहून घड्याळ लावून वाचन. वीस मिनिटांना साधारण दोन हजार शब्द लागतात. नवा वक्ता चाळीस मिनिटं बोलतो, कारण त्याने कापलेलं नसतं. उधळ्या पुत्राची गोष्ट शास्त्रात आहे तशी वाचायला चारेक मिनिटं पुरतात, हे लक्षात असू द्या.

भेटींचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मन कुठे आहे ते तिथेच उघडं पडतं. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? तुम्हीही विचारा. घरी जाण्याआधी फोन करा. घरची भेट अर्ध्या तासाची, दवाखान्यातली दहा मिनिटांची. हात धुऊन जा, पलंगावर बसू नका, आजाराचा तपशील विचारू नका, शेजारच्या खाटेवरच्यांनाही ऐकू जाईल अशी प्रार्थना करू नका. स्तोत्र २३ किंवा १२१ पुरेसं आहे. रुग्ण झोपला असेल तर नातेवाइकाला चहा आणून द्या आणि निघा. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूने तिला खायला द्या असं सांगितलं होतं. चमत्काराच्या गर्दीत पोटाची आठवण त्यालाच राहिली.

औषध बंद करा, असं कधीही, कुणालाही, कोणत्याही सुरात सांगू नका. कुष्ठरोगी शुद्ध झाला तेव्हा येशूने त्याला याजकाकडे पाठवलं (मार्क १:४४), म्हणजे त्या काळी खातरजमा करण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्याकडे. प्रार्थनेनंतर बरं वाटलं तर डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या म्हणा. साखरेची, फिटची, मानसिक आजाराची गोळी अचानक थांबवल्याने माणसं जिवानिशी जातात. आणि त्याच ओवीत येशूने ‘कुणाला सांगू नकोस’ असंही बजावलं आहे. रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवलेला फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांनी ती ओवी पुन्हा वाचावी. भेटीत कळलेली घरगुती गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून ग्रुपवर जाते आणि त्या घराचं दार कायमचं बंद होतं.

लेकरांना येऊ द्या, हे वचन रविवारच्या शाळेच्या भिंतीवर असतं. ते पाळायचं तर वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, आणि कोणत्याही मुलाला एकट्याने गाडीवर घरी सोडायचं नाही. अत्याचाराची शंका आली तर ती मंडळीत ‘मिटवणं’ हा पर्याय नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पैशाबद्दल थोडक्यात, पण काटेकोर. येशू आणि बारा शिष्यांची पैशांची थैली यहूदाकडे होती आणि तो त्यातलं काढत असे, असं योहान स्पष्ट लिहितो (१२:६). येशूच्या सोबतीतसुद्धा हे झालं, मग आपली मंडळी अपवाद कशी असेल? अर्पण दोघांनी मोजावं, तिथेच आकडा लिहून दोघांनी सही करावी. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच, तुमच्या नंबराचा एका दिवसासाठीही नको. मंडळीतल्या माणसाकडून उसने घेऊ नका. त्यानंतर त्याच्यासमोर खरं बोलता येत नाही. मंडळीचा न्यास १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला असेल तर हिशेब धर्मादाय आयुक्तांपर्यंत जातो, तेव्हा पावती लहान रकमेचीही ठेवा. परदेशातल्या ओळखीच्याने सेवेसाठी पैसे देऊ केले तर आधी सनदी लेखापालाला विचारा. विदेशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

विश्रांतीबद्दल मार्कचा सहावा अध्याय प्रामाणिक आहे. जेवायलाही सवड नव्हती म्हणून येशू शिष्यांना घेऊन निवांत जागी निघाला. लोक आधीच तिथे पोहोचले. त्याला त्यांचा कळवळा आला, शिकवलं, जेवू घातलं. पण मग त्याने शिष्यांना होडीत बसवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. सुट्टी पुढे ढकलली गेली, रद्द झाली नाही. हाच हिशेब ठेवा. रविवारी राबणाऱ्यांनी सोमवार किंवा दुसरा ठरावीक दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी अंत्यविधी आला तर जावंच लागेल, पण बदली दिवस त्याच आठवड्यात घ्या. पहाटेच्या प्रार्थनेची सुरुवात आदल्या रात्री होते: अकराला फोन दुसऱ्या खोलीत. चार तास झोपून पहाटे गुडघ्यांवर डुलक्या घेण्यात काही भक्ती नाही.

बारा जणांना येशूने नेमलं ते आधी आपल्या सोबत राहण्यासाठी, मग पाठवण्यासाठी (मार्क ३:१४), आणि पाठवताना दोघादोघांना. म्हणून एकट्याने सेवा सुरू करू नका. कामात एक जोडीदार हवा. त्याशिवाय एक वडीलधारी व्यक्ती हवी, जिच्याशी तुमची नोकरी, बढती किंवा पगार जोडलेला नाही. महिन्यातून एकदा तासभर तिच्याकडे बसा. तिने चार प्रश्न विचारावेत: झोप किती, घरी भांडण काय, पैसे कुणाचे हाताळलेस, आणि गेल्या महिन्यात कुणाला नाही म्हणालास. चौथ्याला सलग तीन महिने उत्तर नसेल तर तुमचा कागद पुन्हा भरला आहे, पाळकांकडे जायची वेळ झाली.

आणि पहिल्याच दिवसापासून एक वही ठेवा, तुमच्या जागी येणाऱ्यासाठी. रविवारच्या शाळेची यादी, कोणत्या मुलाला कोणती ॲलर्जी, चाव्या कुणाकडे, पेटी दुरुस्त करणाऱ्याचा नंबर, कोणत्या आजींना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून प्रभुभोजन घरी न्यावं लागतं. कबुलीजबाब आणि घरगुती गोष्टी या वहीत नकोत.