स्क्रिप्टमध्ये पासवर्ड उघडा ठेवताय? या चुका टाळा

बॅकअपची स्क्रिप्ट लिहायची, डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच टाकायचा आणि ‘नंतर काढू’ म्हणायचं. ते नंतर सहसा उजाडत नाही.

स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत) गेली असेल, तर ती ओळ खोडून नवा कमिट (बदलाची नोंद) केल्याने काही साधत नाही. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा असतो, आणि ज्यांनी रिपॉझिटरी क्लोन केली, म्हणजे इतिहासासकट सगळ्या कोडची प्रत घेतली, त्यांच्याकडेही. आधी पासवर्ड बदला, इतिहास साफ करायचं मग बघा. हा क्रम कृपा करून उलटा करू नका. बेस64 मध्ये, म्हणजे नुसत्या वेगळ्या अक्षरांच्या रूपात, लिहून ठेवणं हाही उपाय नव्हे; त्याला किल्लीच नसते, कुणीही एका कमांडने तो उलगडतो.

पासवर्ड कमांडच्या ओळीत दिला, तर तो शेलच्या (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरीत राहतो आणि प्रोग्राम चालू असताना प्रोसेसच्या यादीत दुसऱ्यांनाही दिसू शकतो. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी होम फोल्डरमध्ये पासवर्डची ‘.पीजीपास’ (.pgpass) फाइल ठेवता येते. पण तिची परवानगी 0600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) पेक्षा सैल असेल, तर लिनक्सवर ती वाचलीच जात नाही. हाताने चालवताना पासवर्ड विचारला जातो. क्रॉनमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालते तेव्हा, उत्तर द्यायला कुणी नसतं आणि काम अडतं. अशा वेळी पासवर्डवर संशय घेण्याआधी परवानगी तपासा.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते विंडोजवरचं पॉवरशेल, म्हणजे तिथलं कमांड आणि स्क्रिप्ट चालवायचं साधन. एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएल (Export-Clixml) या कमांडने क्रेडेन्शियल (यूजरनेम आणि पासवर्ड) फाइलमध्ये ठेवलं, हाताने चालवून पाहिलं, सगळं ठीक. रात्री टास्क शेड्युलरने (विंडोजवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीने) तीच स्क्रिप्ट चालवली आणि ‘की नॉट व्हॅलिड फॉर यूज इन स्पेसिफाइड स्टेट’ (ही किल्ली या स्थितीत चालत नाही) असा एरर आला. फाइल बिघडलेली नसते. ते एन्क्रिप्शन डीपीएपीआय ही विंडोजमधलीच सोय करते आणि ते त्याच यूजरशी, त्याच मशीनशी बांधलेलं असतं. तुम्ही फाइल बनवलीत स्वतःच्या लॉगिनने, टास्क चालतोय सर्व्हिस अकाउंटने (आपोआप चालणाऱ्या कामांसाठीच्या वेगळ्या खात्याने). मग उघडणार कशी? त्याच मशीनवर, त्या सर्व्हिस अकाउंटनेच पॉवरशेल उघडा आणि फाइल नव्याने बनवा. घाईत पासवर्ड परत स्क्रिप्टमध्ये टाकायचा मोह इथेच होतो.

हीच युक्ती लिनक्सवरच्या पॉवरशेलमध्ये मात्र वापरू नका. तिथे ही कमांड पासवर्ड एन्क्रिप्ट करतच नाही. फाइल उघडून पाहणाऱ्याला तो सहज काढता येतो.